फांदी शेंड्याकडून वाळते आहे? आधी बुंध्याशी बसा

कंपाउंडच्या भिंतीलगत दहा-बारा वर्षं उभी असलेली, दर वर्षी भरभरून फुलणारी जास्वंद. एका पावसाळ्यानंतर तिची एक फांदी शेंड्याकडून वाळायला लागते. पानं पिवळी पडून गळतात, काडी तपकिरी होते, वाळण हळूहळू हातभर खाली उतरतं. माळी वाळलेलं छाटतो, वरून काहीतरी फवारतो आणि महिना-दीड महिन्यात शेजारची फांदी त्याच वाटेने जाते. मग "झाड म्हातारं झालं" असा निकाल लागतो आणि कुदळ येते. जास्वंद, अनंत, कामिनी, एक्झोरा, तगर ही झुडपं नीट राखली तर वीस-पंचवीस वर्षं आरामात टिकतात. शेंडा वाळण्याचं कारण वय असणं फार क्वचित.

याला मराठीत शेंडेमर म्हणतात, नर्सरीत सगळे डायबॅकच म्हणतात. पण शेंडेमर हे लक्षण आहे, एक ठरावीक रोग नव्हे. शेंडा हे मुळांपासून सगळ्यात लांबचं टोक. पाणी वर चढण्यात कुठेही अडथळा आला की तुटवडा आधी तिथे जाणवतो. मुळं सडोत, बुंध्याची साल कुजो, खोडात अळी शिरो, फांदीला तार आवळो किंवा मातीत क्षार साठोत, वर दिसतं ते एकच: वाळलेला शेंडा. म्हणून शेंड्यावर औषध मारण्याआधी शोध खालून वर घ्यायचा. औषध कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

लांबून बघा, मग नखाने खरवडा

पहिली पाच मिनिटं झाडाला हात लावू नका. दोन-तीन मीटरवर उभं राहून वाळण कुठे कुठे आहे ते बघा. एकच फांदी गेली असेल आणि बाकी झुडूप टवटवीत असेल, तर दोष बहुधा त्या फांदीतच आहे: अळीचं भोक, जुनी जखम, आवळलेली सुतळी, सालीवरची बुरशी. एका बाजूच्या सगळ्या फांद्या वाळत असतील तर त्या बाजूची मुळं बहुधा तुटली आहेत. केबलसाठी चर खणला होता का, पेव्हर ब्लॉक बसवले का, भिंतीचं काम झालं का, हे विचारा. आणि मागच्या दोन वर्षांतलं विचारा, कारण मोठ्या झुडपात मुळं तुटल्याचा परिणाम वर दिसायला कधी कधी दुसरा उन्हाळा उजाडतो. चारही बाजूंचे शेंडे थोडे थोडे वाळत असतील तर कारण बुंधा, मुळं किंवा माती यांत आहे. आणि एकाच ओळीतली वेगवेगळ्या जातींची झुडपं एकदम बिघडली असतील तर रोगापेक्षा पाणी, क्षार किंवा तणनाशक यांचा संशय आधी घ्यावा. पेव्हरच्या फटींतलं गवत मारायला फवारलेलं ग्लायफोसेट वाऱ्याने झुडपावर गेलं की नवी पालवी बारीक, अरुंद, गुच्छासारखी येते. ते बुरशीचं काम नाही.

काही वाळण निरुपद्रवी असतं, तेही ओळखायला हवं. कामिनीच्या किंवा मेंदीच्या दाट कुंपणात आतल्या बारीक काड्या उजेडाअभावी मरतात. बाहेरचा पाला हिरवागार असतो. चाफा हिवाळ्यात पानं गाळतो. यांवर औषधाचा खर्च करू नये.

आता नख. वाळलेल्या शेंड्यापासून सुरुवात करून दर बोटभर अंतरावर साल हलकी खरवडत खाली या. सालीखाली हिरवं-ओलसर दिसलं की तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं म्हणजे गेली. पण नख फक्त साल सांगतं. आतलं काष्ठ बघायला जिवंत-मृत सीमेजवळ फांदी आडवी कापा. कापलेल्या गोलात तपकिरी-काळसर पाचर किंवा कडी दिसली, तर बुरशी आतून खाली उतरते आहे आणि ती हिरव्या सालीच्याही पुढे गेलेली असू शकते. काष्ठ पांढरं स्वच्छ असूनही शेंडा वाळला असेल, तर पाण्याची कमतरता किंवा मुळांचा त्रास जास्त संभवतो. या एका कापाने निम्मं निदान होतं.

बुंध्याला मातीत गाडू नका

सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागांत मोठी झुडपं मरण्याचं सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण म्हणजे बुंध्यावर चढवलेली माती. दर वर्षी लाल मातीची गाडी येते, शेणखत येतं, वाफा "भरून" घेतला जातो. दहा वर्षांत वाफ्याची पातळी १०-१५ सेंटिमीटर वर आलेली असते. खोड जिथे मुळांना भेटतं तिथली साल उघड्या हवेत राहण्यासाठी घडलेली असते, ओल्या मातीत नव्हे. ती सतत ओली राहिली की मऊ पडते, फायटोप्थोरा किंवा स्क्लेरोशियमसारखी बुरशी तिथे शिरते आणि साल गोल फिरून कुजली की मुळांना पानांकडून येणारं अन्न तुटतं. मुळं उपाशी मरतात, मग वरचे शेंडे वाळतात. झाड वरून मरताना दिसतं, पण मरण खालून चढलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. खुरप्याने बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करा, फूटभर रुंदीची. खोड सरळ खांबासारखं जमिनीत जात असेल, तळाशी रुंदावत नसेल, तर ते गाडलेलं आहे. जिथे खोड फाकून पहिली जाड मुळं निघतात तिथपर्यंत उकरा. मग साल बघा. निरोगी साल घट्ट असते, खरवडल्यावर आत पांढरट-हिरवी दिसते. कुजलेली साल बोटाने सुटते, आत चॉकलेटी रंग आणि आंबूस वास. लिंबावर त्याच जागी डिंक वाहताना दिसतो. त्याला डिंक्या म्हणतात आणि त्यामागे बहुधा फायटोप्थोराच असते. मोगऱ्याच्या बुंध्याशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून दाण्यांसकट वरची ५-७ सेंटिमीटर माती काढून बागेबाहेर टाकावी. शेजारच्या वाफ्यात मुळीच नको.

त्याच वेळी मुळांची गोल गुंडाळी आहे का तेही बघून घ्या. पिशवीत वर्षभर अडकलेलं रोप तसंच लावलं असेल तर एखादं मूळ बुंध्याभोवती फास होऊन बसतं. झुडूप पाच-सात वर्षं छान वाढतं, मग खोड आणि फास दोन्ही जाड होऊन एकमेकांना दाबतात. असं मूळ पटाशीने दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढा. एकाच वेळी सगळे फास तोडू नका. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढले तर झाड सावरून घेतं.

कुजलेला भाग खोडाच्या निम्म्या घेरापेक्षा कमी असेल तर झुडूप वाचण्याची चांगली आशा असते. धारदार चाकूने कुजलेली साल कडेच्या निरोगी सालीपर्यंत खरवडून काढा, दोन दिवस उघडी वाळू द्या, मग बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचं मलम, कृती पुढे आहे) लावा. माती परत लोटू नका. बुंधा उघडा राहील असा उथळ खळगा ठेवा आणि पावसाचं पाणी त्यात साचू नये म्हणून एका बाजूने उतार द्या. फायटोप्थोराचा संशय पक्का असेल, म्हणजे डिंक, आंबूस वास आणि चॉकलेटी साल तिन्ही असतील, तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्र औषध लिटरला २ ते २.५ ग्रॅम या प्रमाणात मुळांशी ओतावं. कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक फायटोप्थोरावर चालत नाही. दुकानदार बहुतेकदा तेच हातात देतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुळं आणि पाणी

सडलेल्या मुळांचं झुडूप आणि तहानलेलं झुडूप वरून अगदी सारखं दिसतं: पानं मलूल, शेंडे वाळलेले. लोक पाणी वाढवतात आणि सडलेलं झाड आणखी सडतं. म्हणून फांद्यांच्या घेराच्या कडेखाली, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, वीतभर खोल एक लहान खड्डा काढून बारीक मुळं हातात घ्या. पांढरी किंवा फिकट, चिवट मुळं चांगली. तपकिरी आणि ओढताच वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरणारी मुळं सडलेली. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत. अनंत आणि जास्वंद या दोघांना त्यांचा त्रास होतो. तिथे झुडपामागे २०० ते २५० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळणं आणि वाफ्यात झेंडू लावणं उपयोगी पडतं.

निचरा मोजायचा असेल तर फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि पट्टी धरून बघा. तासाला २.५ सेंटिमीटरहून कमी उतरत असेल तर निचरा वाईट आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर भागातल्या काळ्या मातीत हे हमखास आढळतं. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात, म्हणजे त्या झुडपाला पावसाळ्यात सड आणि मे महिन्यात तूट असा दुहेरी मार बसतो. अशा ठिकाणी खड्ड्यात वाळू ओतून भागत नाही. चिकणमातीत थोडी वाळू गेली की माती विटेसारखी घट्ट होते. वाफ्याच्या कडेने ३०-४० सेंटिमीटर खोल चर काढून पाण्याला बाहेर वाट द्या आणि दर वर्षी वरून कुजलेलं शेणखत पातळ थरात पसरा. कोकणात आणि गोव्यात तांबडी माती पाणी लवकर सोडते, पण खाली जांभ्याचा कातळ लागला तर मोठ्या पावसात पाणी त्याच्यावर तुंबून राहतं. तिथे खड्डा खोल करण्यापेक्षा झुडूप उंचवट्यावर लावणंच बरं.

पाणी किती द्यायचं? वाढलेल्या झुडपाला, फांद्यांच्या सावलीखालच्या दर चौरस मीटरला, मे महिन्यात चार-पाच दिवसांनी २० ते २५ लिटर. हिवाळ्यात तेवढंच आठ-दहा दिवसांनी. पाणी बुंध्यावर नळी धरून द्यायचं नाही. आळं फांद्यांच्या कडेखाली गोल काढा, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. रोज बादलीभर पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं आणि मुळंही तिथेच अडकून बसतात, मग दोन दिवसांची गैरहजेरी झाडाला सोसत नाही. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा बारीक सळई मातीत खुपसा. ती फूटभर सहज गेली तर ओल पोचली.

बोअरवेलच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. मातीवर पांढरी खपली, पानांच्या कडा आधी करपतात, मग शेंडे जातात: ही क्षारांची खूण. वाफ्यातून क्षार धुवायला दर चौरस मीटरला सुमारे १५० लिटर चांगलं पाणी सावकाश मुरवावं लागतं. त्याने साधारण निम्मे क्षार मुळांच्या खाली जातात. निचरा नसेल तर हा प्रयोग करू नका, झाड बुडेल. पहिला जोरदार पाऊस हेच काम फुकटात करतो, म्हणून जूनच्या तोंडावर रासायनिक खत टाकण्याची घाई नको.

एक्झोरा आणि अनंत यांची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि मग शेंडे मरत असतील तर लोह कमी पडतं आहे. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण चुनखडी किंवा बांधकामाचा राडारोडा यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसता टाकला तर तोही तिथेच अडकतो. पानांवर लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. स्वस्त मिळणारं ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

खोड आणि फांद्या

बुंधा आणि मुळं ठीक असतील तर आता वर सरका. सालीवर लाकडाचा भुसा आणि विष्ठा रेशमाने विणून केलेली तपकिरी जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे. ती दिवसा फांदीच्या बेचक्यातल्या भोकात लपते आणि रात्री बाहेर येऊन जाळीखाली साल खाते. जाळी खरवडून काढा, भोकात सायकलची तार फिरवा, पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि ओल्या मातीने तोंड बंद करा. आठ दिवसांनी ताजा भुसा दिसला तर पुन्हा करा. तिला बाहेरून फवारलेलं औषध लागत नाही.

रोषणाईच्या माळांची तार, नावाच्या पाटीची तार, कलमाची प्लास्टिक पट्टी, आधाराला बांधलेली नायलॉनची दोरी: हे सगळं फांदी जाड झाल्यावर सालीत रुततं. रुतलेल्या जागेच्या वर फांदी फुगलेली आणि खाली बारीक असेल तर कारण हातात आलं.

गुलाबाच्या जुन्या दांड्यांवर राखाडी-लालसर खवले चिकटलेले असतात. ती खवले कीड आहे, साल नव्हे. नखाने उचलून बघा, खाली ओलं दिसतं. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळच्या वेळी, दहा दिवसांनी दोनदा. जास्वंदीचे शेंडे आखडून गुच्छ झाले असतील आणि त्यात पांढरं पीठ असेल तर पिठ्या ढेकूण. ते शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि खोडावरची मुंग्यांची ये-जा थांबवा, कारण मुंग्या पिठ्याची राखण करतात. एक खबरदारी मात्र घ्या: पिठ्यांमध्ये एखादी पांढरी, झिपरी, त्यांच्याहून मोठी आणि चपळ अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी असते आणि ती पिठ्या खाते. पूजेला किंवा तेलाला जास्वंदीची फुलं वापरत असाल तर झाडाच्या आत भिनणारी कीडनाशकं नकोतच. कढीपत्ता आणि लिंबाचंही तेच.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर फांदीवर आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आणि मग गुलाबी पापुद्रा येतो, त्याच्यापुढची फांदी वाळते. हा गुलाबी रोग. पापुद्र्याच्या खाली वीतभर उतरून फांदी कापा आणि उरलेल्या भागाला बोर्डो मलम लावा. त्याहून मोठं काम म्हणजे झुडपाचा आतला दाटपणा कमी करून वारा खेळता करणं.

आता खरी शेंडेमर. गुलाबात ती छाटणीच्या कापापासून सुरू होते: टोक काळं पडतं, काळेपणा दांड्यावरून खाली सरकतो, मेलेल्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठतात. डिप्लोडिया आणि तिच्या जवळची लॅसिओडिप्लोडिया या बुरशा यामागे असतात. लॅसिओडिप्लोडिया निरोगी फांदीतही गुपचूप राहू शकते. झाड पाण्याने, उन्हाने किंवा उपासमारीने खचलं की ती उठते. म्हणून केवळ बुरशीनाशकाने शेंडेमर कायमची जात नाही, आणि तेच झुडूप दर वर्षी त्याच महिन्यात आजारी का पडतं याचं उत्तरही बहुधा इथे मिळतं.

कापायचं कसं

काळेपणा संपतो तिथे नव्हे, तर त्याच्या खाली आणखी ५ ते ८ सेंटिमीटरवर कापा. कापलेला गोल बघा. मध्ये तपकिरी ठिपका जरी दिसला तरी अजून खाली उतरा, पूर्ण पांढरा-हिरवा गोल मिळेपर्यंत. काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, पाणी डोळ्याच्या उलट बाजूला ओघळेल असा. अख्खी फांदी काढायची असेल तर खोडाशी असलेला फुगवटा राखून त्याच्या बाहेर कापा. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तोच वाळून बुरशीला वाट देतो. अंगठ्याहून जाड फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) वापरू नका, ते चिरडतं; करवत घ्या. प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटने पुसा. एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना तर विसरूच नका. कापलेलं रोगट लाकूड खतखड्ड्यात घालायचं नाही.

कापांवर ऑइल पेंट लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखमेभोवती स्वतःच भिंत उभी करतं आणि रंगाने आतली कूज थांबत नाही. कोरड्या हवेत घेतलेला स्वच्छ काप तसाच सोडावा, हेच बरोबर. गुलाब आणि लिंबू मात्र अपवाद धरा, आणि पावसाळ्यात नाइलाजाने घेतलेले कापही: तिथे तांब्याचं मलम, म्हणजे बोर्डो, पहिले काही आठवडे उपयोगी पडतं.

बोर्डो घरी करता येतं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नये म्हणून वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडत. त्या वेली केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगातून वाचलेल्या पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण पुढे आणलं, आणि आपल्या द्राक्षबागांत ते आजही वापरात आहे. फवारणीसाठी एक टक्का: ५ लिटरला ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद अडीच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर विरघळवा, फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलं की लवकर विरघळतं. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात विरवून अडीच लिटर करा आणि गाळा. थंड झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू, ढवळत ओता. उलटं नको. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं जळतील. थोडं चुन्याचं पाणी आणखी घाला. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. मलमासाठी हेच, पण दाट: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा बुंध्याला दोन फुटांपर्यंत लावा. एवढी खटपट नको असेल तर फवारणीला कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ते ३ ग्रॅम चालतं. हातमोजे दोन्हींना हवेत.

ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशांना मारणारी उपयोगी बुरशी वापरायची असेल तर १०० ग्रॅम भुकटी १० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा आणि मग झुडपामागे एक-दोन किलो द्या. तांबं किंवा कार्बेन्डाझिम दिल्यानंतर निदान पंधरा दिवस ते घालू नका. तीही बुरशीच आहे, औषधाने तीच आधी मरते.

छाटणी कधी

गुलाब दसऱ्यानंतर, पाऊस थांबून हवा कोरडी झाली की. जास्वंद थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत. एक्झोरा फुलांचा बहर संपल्यावर. भर पावसात मोठे काप नकोत, आणि एप्रिल-मेमध्येही नकोत: आतली साल अचानक उघडी पडली की दुपारच्या उन्हाने भाजते, विशेषतः नैऋत्य बाजूला, आणि त्या भाजलेल्या पट्ट्यातूनच पुढे बुरशी शिरते. काही कारणाने उन्हाळ्यात झुडूप उघडं पडलंच तर त्या बाजूला पातळ चुना लावा.

खूप जुनं, खालून बोडकं झालेलं झुडूप एकदम गुडघ्याएवढं छाटण्याचा मोह आवरा. आजारी झाडाच्या मुळांत साठा नसतो, ते पुन्हा फुटत नाही. दर वर्षी सगळ्यात जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश खोडं जमिनीलगत काढा. तीन वर्षांत झुडूप नवं होतं. गुलाबात मात्र नवा फुटवा कुठून आला ते बघा. डोळा भरलेल्या (कलमाच्या) जोडाच्या खालून आला असेल तर तो रानगुलाब आहे. वरची जात वाळते आहे आणि खालचा जोमाने वाढतो आहे, असं झालं की काही महिन्यांत फक्त रानगुलाब उरतो. असा फुटवा कापू नका, मुळापासून खाली ओढून उपटा.

उपचारानंतर घाईने युरिया टाकू नका. कोवळी, रसरशीत वाढ मुळांना पेलत नाही आणि पिठ्या तिच्यावरच येतो. वाळलेल्या पाल्याचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन, बुंध्यापासून १० सेंटिमीटर लांब ठेवून, एवढं पहिल्या हंगामाला पुरे. सुधारणा मोजायची खूण म्हणजे सीमा: जिवंत-मृत सीमेवर सुतळीचा सैल दोरा बांधा आणि दर पंधरा दिवसांनी नखाने तपासा. दोन महिने सीमा हलली नाही आणि तिच्या खालचे डोळे फुगले, तर झुडूप वाचलं. खाली सरकत राहिली तर पुन्हा बुंध्याशी बसा, काहीतरी सुटलं आहे.

बुंध्याची साल पूर्ण गोल कुजली असेल तर मात्र झाड काढा. खड्डा सव्वा-दीड फूट सगळ्या बाजूंनी उकरून जुनी मुळं आणि माती बाहेर काढा, तो महिनाभर उन्हात उघडा राहू द्या, निचऱ्याची चूक तेव्हाच दुरुस्त करा. नवं रोप लावताना त्याची पिशवीतली मातीची पातळी वाफ्यापेक्षा दोन बोटं वरच राहील असं लावा. माती खाली बसते तेव्हा ते बरोबर पातळीवर येतं. आणि त्या जागी पहिली दोन वर्षं तरी त्याच जातीचं झुडूप नको.